जावयाची वाळू

तंबाखूचं पान दोन बोटांत धरलं की ते कुठल्या रानातलं, कुणी वाळवलं आणि विकणारा किती खरं बोलतोय, हे पारिसाअण्णा बोरगावे डोळे मिटून सांगत. निदान आपण सांगतो, असं ते निपाणीच्या बाजारात भेटेल त्याला ऐकवत. "पान काय आन् माणूस काय, बोटात आलं की मला कळतंय," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. मग समोरचा त्यांच्या बोटांकडे बघत चहाचे पैसे देऊन टाकी.

खरं सांगायचं तर अण्णांची बोटं ओळखायची कमी आणि संशय जास्त घ्यायची. दूधवाला हसला की दुधात पाणी, आणि नाही हसला तरी पाणीच. घराला कुलूप लावलं की ते दोनदा ओढून बघत, आणि मालुबाईंनाही एकदा ओढायला लावत. त्यांच्या लग्नाला तीस-बत्तीस वर्षं झाली, पण आपण बाहेर गेल्यावर ही चहात साखर जास्त घालते, हा अण्णांचा संशय अजून फिटलेला नाही.

अशा माणसाच्या घरात जावई आला. त्याचं नाव श्रेयांस, घर बेळगावचं. तेल शोधणाऱ्या एका कंपनीत तो मोठ्या पगारावर होता. लग्नाआधी अण्णांनी बेळगावजवळच्या मच्छ्यापासून चिकोडीपर्यंत चौकशी केली. सगळे म्हणाले, पोरगा सोन्यासारखा आहे. कुणीच वाईट बोलेना, तेव्हाच अण्णांच्या मनात पाल चुकचुकली. पण ब्राह्मीनं हट्ट धरला. एकुलती एक लेक, तिच्यापुढे अण्णांचं काही चालत नसे, आणि लग्न झालं.

आता पहिला दिवाळसण. आमच्या भागात पहिल्या दिवाळीला जावई सासरी आला की पाडव्याला ताटावर बसून रुसतो. हात आखडून घेतो, मग सासऱ्यानं चारचौघांत विचारायचं, "जावईबापू, काय पाहिजे?" आणि तो मागेल ते द्यायचं. नाही म्हटलं तर सगळ्या गावात तोंड दाखवायची सोय राहत नाही. आजकालची पोरं अंगठी, नाहीतर मोबाईल मागून मोकळी होतात. पण अण्णांनी स्वतःच्या दिवाळसणाला सासऱ्याची दुभती म्हैस मागितली होती. सासरे त्या दिवशी जेवले नव्हते म्हणे. तेव्हा जावई कुठवर जाऊ शकतो, हे अण्णांना पक्कं माहीत होतं.

श्रेयांस आला तो बॅगेबरोबर दोन मोठे स्क्रीन घेऊन. कंपनीचं काम अंगावर होतं, सुट्टी मिळाली नव्हती. माडीवरच्या खोलीत त्यानं ते मांडले आणि दार लोटून घेतलं. दार लोटलेलं अण्णांना आवडलं नाही.

संध्याकाळी, जैनांच्या रीतीनं दिवस मावळायच्या आत घरातली जेवणं उरकत, तेव्हा अण्णांनी विचारलंच की काम काय करता नक्की. श्रेयांसला कुणी असं विचारलं की फार आनंद होई. तो सांगू लागला: समुद्रात जहाजावरून पाण्यात आवाज सोडायचा, तो तळाच्या खाली जातो, थराथरावर आपटून परत येतो, आणि त्या परतलेल्या आवाजावरून जमिनीच्या पोटातलं चित्र तयार होतं. फार फार पूर्वी खोल समुद्राच्या तळावर नद्यांसारखे प्रवाह वाहत. नद्यांनी आणून टाकलेली वाळू त्यांतून पुढे घसरत जाई. ते प्रवाह आता गाडले गेलेत. आपलं काम ते हुडकायचं.

"मामी नाही का, ज्वारीच्या कोठीवर टिचकी मारून आत धान्य कुठवर आहे ते सांगतात? तसंच हे," तो म्हणाला.

मालुबाई खूश झाल्या. पण हात धुताना अण्णांनी बायकोला हळूच विचारलं, "कोठी आपली असती तवर ठीक हाय. दुसऱ्याच्या कोठीवर टिचक्या मारत हिंडणाऱ्याला काय म्हणायचं?"

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे मळ्यात गेले. मळा ओढ्याकाठचा, काळ्याभोर मातीचा. अण्णांनी जन्मभर कुणावर डोळे झाकून विश्वास टाकला असेल तर तो या मळ्यावर. सोयाबीन नुकतं निघालं होतं, रान मोकळं होतं. ओढा तिथं कोयत्यासारखं वळण घेतो आणि वळणाच्या आतल्या अंगाला, बांधावर, ब्राह्मीचा पेरू होता. शाळेत असताना आजोळाहून येताना एसटीत मांडीवर धरून आणलेलं रोप. आता चांगलं डेरेदार झाड झालं होतं आणि फळांनी वाकलं होतं. ब्राह्मी नवऱ्याला घेऊन थेट झाडाखाली गेली आणि दोघं काहीतरी कुजबुजू लागली.

अण्णा लांबून बघत होते. जावई ओढ्यात उतरला. त्यानं मूठभर वाळू उचलली. गळ्यातल्या दोरीला बांधलेलं एक इवलंसं भिंग काढून डोळ्याला लावलं आणि वाळू कण न् कण तपासली. मग मोबाईलवर वळणाचे फोटो काढले. वर आल्यावर म्हणाला, "मामा, हा ओढा पूर्वी तुमच्या मळ्यातनं वाहत असणार."

"न्हाय," अण्णा म्हणाले. "आमच्या सात पिढ्यांत न्हाय."

ओढा कुठून वाहत होता याची अण्णांना काही कल्पना नव्हती. पण जावई आपल्या जमिनीबद्दल काही म्हणाला तर आधी नाही म्हणावं, हे त्यांना बरं वाटलं. वाळू म्हणजे काय चीज झाली आहे हे या भागात पोराटोरांना ठाऊक आहे. बांधकामाला वाळू मिळत नाही, लोक दगडाच्या चुऱ्यावर घरं उठवतात. अशा दिवसांत एखादा माणूस भिंगातून वाळू बघतो म्हणजे उगाच नव्हे.

त्या दुपारी मालुबाईंनी करंज्या-चकल्यांची ताटली अण्णांच्या हाती देऊन माडीवर धाडलं. दार किलकिलं होतं. श्रेयांस पाठमोरा, कानाला यंत्र लावून बोलत होता. आणि त्याच्या पुढ्यातल्या स्क्रीनवर, काळ्या-करड्या रानात, पिवळाधमक नागमोडी पट्टा पसरला होता. अण्णांनी मान पुढे काढली. पट्टा सरळ येऊन कोयत्यासारखा वळला होता. वळणाच्या आतल्या अंगाला तांबडी फुली होती. नेमकी पेरूच्या जागी!

"वाळू एक नंबर आहे रे," जावई सांगत होता. "वळणाच्या आत जाडच्या जाड थर आहे. पहिली विहीर तिथंच घ्यायची. पण आत्ताच कुणाला बोलू नको. शेजारच्याला कळलं तर पंचाईत होईल."

शेजारचा म्हणजे गुंडू! ओढ्यापलीकडचा त्यांचा चुलतभाऊ. हे पोरगं घरात येऊन एक दिवस झाला, आणि याला गुंडूसुद्धा माहीत झाला? अण्णांनी ताटली तशीच माघारी घेतली. ते पाय न वाजवता खाली आले आणि जिन्याच्या शेवटच्या पायरीवर बसून, आपण काय खातोय हे न कळता, सगळ्या करंज्या खाऊन बसले.

"दिलं का?" मालुबाईंनी विचारलं.

"झोपलाय," अण्णा म्हणाले.

"मग वर बोलतंय कोण?"

अण्णांनी बायकोकडे रोखून बघितलं. हिला सगळं माहीत असावं, असं त्यांना क्षणभर वाटलं.

मग त्यांनी एकेक धागा जुळवला. भिंग, फोटो, ओढा पूर्वी मळ्यातनं वाहायचा ही मखलाशी. आवाज सोडून जमिनीच्या पोटातलं बघायची विद्या. आणि परवा पाडवा. ताटावर बसून हा हात आखडणार, आपण चारचौघांत विचारणार, आणि हा म्हणणार, ओढ्याकाठचा मळा द्या. नाही म्हणता येणार नव्हतं. सासऱ्यांना तरी म्हशीला कुठं म्हणता आलं होतं? अण्णांना मेलेल्या सासऱ्याची पहिल्यांदाच मनापासून दया आली.

पण अण्णा असे हार मानणारे नव्हते. त्यांनी ठरवलं, पाडव्याच्या सकाळीच मळ्यात खड्डा काढायचा. वाळू निघाली तर ती आपली. नाहीच निघाली तर शेततळं झालं म्हणायचं, आणि शेततळ्यातला मळा कोण मागणार? दोन्हीकडून आपलाच फायदा. चिकोडीला फोन करून त्यांनी जेसीबी ठरवला, आणि घरात कुणाला पत्ता लागू दिला नाही.

पाडव्याला उजाडताच रवळू जेसीबी घेऊन हजर. हा मूळचा जांबोटीकडचा गडी, बोलणं कमी आणि कामाला वाघ. कुठं काढायचं, म्हणाला. अण्णांनी वळणाच्या आतली जागा दाखवली. रवळूनं झाडाकडे बघितलं, मग अण्णांकडे.

"झाड मदी येतंय, अण्णा."

अण्णा पेरूजवळ गेले. बुंध्यावर हात ठेवला. एसटीतून उतरणारी, रोपाला छातीशी धरून वडिलांकडेसुद्धा न देणारी ब्राह्मी त्यांना आठवली. पण मळाच गेला तर झाड कुठं राहतंय, असं त्यांनी मनाला समजावलं. "काढ," ते म्हणाले आणि तोंड फिरवून ओढ्याकडे बघत उभे राहिले. मागे मुळं तुटल्याचा आवाज झाला. तो त्यांनी ऐकला नाही असं ठरवलं.

खड्डा कमरेएवढा झाला, पुरुषभर झाला. वाळू काही दिसेना. काळी माती, मग चिकट माती, मग आणखी चिकट माती. अण्णा स्वतः खड्ड्यात उतरून एकेक ढेकूळ बोटांनी चुरडून बघू लागले. तेवढ्यात पलीकडच्या बांधावर गुंडू उगवला. हाताची घडी घालून त्यानं बराच वेळ तमाशा बघितला.

"काय चाललंय, पारिसा?"

"शेततळं."

"दिवाळीच्या पाडव्याला?"

"मुहूर्त चांगला हाय."

गुंडू याच घराण्यातला, म्हणजे संशयात तोही कमी नव्हता. त्यानं मोटरसायकलला किक मारली. स्टँडवर जाऊन एवढंच म्हणाला की पारिसा मळ्यात चोरून काहीतरी काढतोय. स्टँडवर त्याचं गुप्तधन झालं. आणि बस्तीत, म्हणजे जैनांच्या देवळात, पूजेला बायका-माणसं जमली होती, तिथं पोचेपर्यंत गुप्तधनाची मूर्ती झाली. नांगराला मूर्ती लागल्याच्या गोष्टी आमच्याकडे घरोघर सांगतात, त्यामुळे कुणाला नवल वाटलं नाही. सगळ्यांना एवढंच वाटलं की पारिसाअण्णांनी ही गोष्ट लपवायला नको होती.

अण्णा खड्ड्यात वाकून माती चुरडत होते. वरचा गलका वाढला म्हणून त्यांनी मान वर केली, तर खड्ड्याभोवती नुसते पाय. सगळे अनवाणी. चपला लांब बांधावर काढून लोक हात जोडून उभे होते. बायकांच्या हातांत अक्षतांची ताटं, कुणी णमोकार मंत्र म्हणत होतं. रवळूनं हे बघून यंत्र बंद केलं आणि आपल्याही चपला काढल्या. सगळ्यात पुढे मालुबाई, डोळ्यांत पाणी घेऊन उभ्या.

"अवं, कुठल्या भगवानांची मूर्ती?" त्यांनी विचारलं. "मला तर सांगायचं हुतं."

अण्णांना काय बोलावं सुचेना, म्हणून ते गप्प राहिले. त्यांच्या गप्प राहण्याचा लोकांनी भलताच अर्थ घेतला आणि खड्ड्यात फुलं पडू लागली. एक झेंडू अण्णांच्या टोपीवर बसला.

गर्दीतून वाट काढत ब्राह्मी आणि श्रेयांस पुढे आले. ब्राह्मीनं खड्डा बघितला, वडील बघितले. मग कडेला आडवं पडलेलं झाड बघितलं. फळं मातीत लोळत होती.

"अण्णा, माझा पेरू?"

तिचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर अण्णांनीही आवाज चढवला असता आणि निभावून नेलं असतं. आता मात्र त्यांना राहवेना, आणि जे पोटात होतं ते सगळ्या गावासमोर बाहेर पडलं. "तुझ्या नवऱ्याला इचार! माझ्या मळ्याचं चित्र काढून बसलाय माडीवर. पिवळी वाळू, तांबडी फुली, समदं बघितलंय मी. आज ताटावर बसून मळा मागणार हुता. शेजारच्याला कळू देऊ नका म्हणतोय फोनवर!"

शेजारच्याला म्हटल्यावर गुंडू पुढे सरकला. गावानं जावयाकडे बघितलं. श्रेयांस आधी गोंधळला, मग त्याच्या ध्यानात आलं. हसू आवरायला त्याला फार कष्ट पडले, हे त्या पोराच्या बाजूनं सांगितलं पाहिजे.

"मामा, ते पूर्वेकडच्या समुद्रातलं आहे," तो म्हणाला. "इथून दोन दिवसांची वाट. वर अथांग पाणी, पाण्याखाली तळ, आणि तळाच्या खाली दोन-तीन किलोमीटर गेलं की तो प्रवाह. माणसाचा जन्मसुद्धा नव्हता तेव्हाचा. विहीर म्हणजे तेलाची विहीर. आणि शेजारचे म्हणजे शेजारच्या भागात तेल शोधणारी दुसरी कंपनी."

अण्णांना आपल्या टोपीवरचा झेंडू आता जड लागू लागला.

"म्हंजे वाळू माझ्या बी रानात न्हाय?" गुंडूनं हळूच विचारलं. त्यानं खिशातून मोबाईल काढला, जरा लांब गेला, आणि आपणही ठरवून ठेवलेल्या जेसीबीवाल्याला येऊ नको म्हणून सांगितलं. लोक एकेक करत चपला शोधू लागले. एका म्हातारीनं मात्र आलोच आहोत तर म्हणून खड्ड्याला हळद-कुंकू वाहिलं आणि मगच ती गेली.

अण्णांना आता तिथंच माती लोटून घ्यावंसं वाटत होतं. ते वर यायला बघत होते, तोच जावयानं वरून धपकन उडी मारली. तो अण्णांकडे आला नाही. खड्ड्याच्या भिंतीपाशी जाऊन गुडघ्यावर बसला, हातानं माती खरवडली, आणि एकदम ओरडला, "मामा, इकडे या! बघा!"

काळ्या मातीच्या भिंतीत एक फिकट पट्टी होती. खालून गूळ शिजवायच्या काहिलीसारखी गोलसर, वरून सपाट. आत बारीक गोटे आणि वाळू. अण्णांनी हात पसरले तर दोन हातांत मावेल एवढीच रुंद, आणि जाड म्हणाल तर वीतभर.

"जुना ओढा," श्रेयांस म्हणाला. "इथून वाहत होता, मग भरला, मग गाडला गेला. माझ्या स्क्रीनवर आडव्या छेदात अगदी असंच दिसतं, तिथं ते किलोमीटरभर रुंद असतं एवढंच. मामा, मी सहा वर्षं रोज हे बघतोय. पण गाडलेल्या प्रवाहात हात घातला तो आज पहिल्यांदा." त्याचा आवाज खरोखरच कापत होता. अण्णांनी त्याच्या तोंडाकडे नीट निरखून बघितलं. खोट कुठं सापडेना, याचं त्यांना जरा वाईटच वाटलं.

जावई काही खड्ड्यातून निघेना. जेवणाची वेळ टळू लागली, तेव्हा मालुबाईंनी ताटं मळ्यातच आणवली. आडव्या पेरूशेजारी सतरंजी पसरली, उन्हात पंगत बसली. आता विचारणं भागच होतं. अण्णा खाली मान घालून म्हणाले, "जावईबापू, मागा काय पाहिजे ते."

श्रेयांसनं ब्राह्मीकडे बघितलं. ती ताटातल्या भातावर बोट फिरवत होती.

"परवाच ठरवलं होतं आम्ही," तो म्हणाला. "लग्न ठरल्यापासून ही त्या पेरूबद्दल सांगत होती. आज जेवायची पंगत पेरूखाली मांडा, एवढंच मागणार होतो." मग सासऱ्याचा चेहरा बघून घाईनं पुढे म्हणाला, "पण पंगत मिळालीच की, मामा. फक्त सावली राहिली."

पारिसाअण्णा ताटावरून उठले. खांद्यावरचा टॉवेल काढला, दोन्ही हातांनी ताणून धरला आणि लेकीच्या डोक्यावर सावली करून उभे राहिले. त्यांना माफी मागता येत नसे, कधी मागितलीच नव्हती. ब्राह्मीनं तसेच चार घास खाल्ले, मग टॉवेलाचं टोक धरून खाली ओढलं.

"बसा, अण्णा. हात दुखतील."

मग तिनं आडव्या झाडाचा एक अर्धवट पिकलेला पेरू तोडला, निम्मा वडिलांना दिला. अण्णांनी तो बियांसकट खाल्ला.

दिवाळी संपली. खड्डा बुजवायच्या आधी ब्राह्मीनं पेरूच्या मुळापासून फुटलेला एक कोंब काढून घेतला, आणि अण्णांनी स्वतः जाऊन त्या पट्टीतली वाळू खरवडून आणली. जावयानं कागदाच्या पुडीत चिमूटभर नेली. ती चिमूटभरच आहे, हे अण्णांनी उभं राहून बघितलं. उरली ती सगळी अण्णांच्या अंगणातल्या एका कुंडीत बसली, त्या कोंबाच्या बुडाशी. मळ्यातल्या वाळूची एवढीच काय ती कमाई. तरी बाजारात अण्णा सांगतात की वाळू आहे हे आपल्याला आधीच कळलं होतं. किती आहे, हे कुणी विचारत नाही.

श्रेयांसचा आता आठवड्याला फोन येतो. आधी पेरूला किती पानं आली विचारतो, मग सासू-सासऱ्यांची तब्येत. दोन-तीनदा असं झालं, तेव्हा अण्णांनी फोन ठेवून मालुबाईंना विचारलं, "ह्यो सारखं पेरूचंच का इचारतोय गं?" आणि ते अंगणात गेले.

मालुबाई म्हणतात, त्यांनी कुंडी उचलून खाली बघितलं. अण्णा म्हणतात, कुंडीवर ऊन येत नव्हतं, म्हणून सरकवली.